उलटं लावलेलं मॅग्नेट

साहेबराव : अगं सिंधु, मृदंगवाल्या अप्पाच्या स्पीकरला पाठीमागं दुसरं मॅग्नेट चिकटवलंस? अन् तेही उलटं? एकमेकाला ढकलतेत ते!

सिंधु : ढकलावं म्हणूनच तसं लावलं, मामा. मागं वाया जाणारा जोर आता पुढं, पडदा हलवणाऱ्या कॉइलकडं वळतो. पडदा नंतर उगं डुलत बसत न्हाई. जिथल्या तिथं थांबतो.

साहेबराव : सासरा म्हणून न्हाई सांगत. तीस वर्षं झाली ह्या दुकानाला, रेणापुरात कुण्या स्पीकरच्या मॅग्नेटला मी हात लावला न्हाई. स्पीकरचा बास निम्मा गेला की! उद्या लातूरला त्यांच्या भजनी मंडळाची स्पर्धा हाय. काय तोंड दाखवू? हे बघ, आलेच.

गुरुपादप्पा : झाला का आमचा स्पीकर? मागल्या साली परीक्षक काय म्हणाले ठाव हाय? मृदंग न्हाई, पिंपात गोटे पडायलेत. चाळीस वर्षं बोटं झिजवली, साहेबराव. यंदा तसंच ऐकावं लागलं तर मृदंग खाली ठेवणार मी.

साहेबराव : अप्पा, माफ करा. सुनेनं जरा…

सिंधु : थांबा, मामा. अप्पा, माईक हितं लावलाय. संगं आणलेला मृदंग एकदा वाजवून बघा. न्हाई पटलं तर मॅग्नेट आत्ता काढून देते.

गुरुपादप्पा : बरं. ऐका तर… धा… तिट धा… तिट कत गदि गन… धा!

साहेबराव : बघा, बास कमी झालाय न्हाई का?

गुरुपादप्पा : गप बसा हो जरा! बास न्हाई, घुमणं गेलं. धाची डावी थाप पडली की तिथंच थांबते, उजव्या बोटांवर सांडत न्हाई. ही करंगळी ऐका. आता हे पहिलं बोट. आलं का येगळं?

साहेबराव : पुन्हा वाजवा… आलं की, अप्पा! लई साफ आलं!

गुरुपादप्पा : पोरी, माझी बोटं मलाच पहिल्यांदा ऐकू आली बघ.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दुकानात.)

साहेबराव : सिंधु! अप्पाचा फोन होता. मंडळ पहिलं आलं! परीक्षक उठून जवळ आले अन् विचारलं, मृदंगाला माईक कोणता लावलाय?

सिंधु : अन् अप्पा काय म्हणाले?

साहेबराव : म्हणाले, माईक तोच हाय, रेणापूरच्या सिंधुबाईनं स्पीकर बदलून दिला. माणसं लिहून घ्यायलीत म्हणे तुझं नाव. हे बघ, पुन्हा वाजला… हॅलो? व्हय, दुकान तेच. कुठून, भोकरवरून? थांबा हं. घे, सिंधु.

सिंधु : तुम्हीच बोला ना, मामा.

साहेबराव : माझ्याशी न्हाई बोलायचं त्यांला. घे तू. मी तवर चहा टाकतो.