चकचकीत लुई

सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याच दिवशी सुनेने त्यांची जुनी फ्रेंच चांदीची नाणी भांड्यांच्या पावडरने घासून ठेवली. आज सासरे ती घेऊन नाणेवाल्याकडे आले होते. ती बाहेर बाकावर बसली होती. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं.

“अहो, चौदावा लुई हा! साडेतीनशे वर्षांची काळसर झाक होती याच्यावर, तिचीच तर किंमत! कुणी घासली?”

“मीच.”

“तुम्ही? नाण्याला बोट लागलं तरी माझ्या अंगावर धावून येणारे तुम्ही?”

“म्हटलं, डोळा उघडल्यावर सगळं लख्ख दिसावं.”

सुनेने ओठ दाताखाली धरला. त्यांना तिने हेच सांगितलं होतं.

“राजाचं नाक गेलं हो! सगळीच घासलीत?”

“एकूण एक.”

“घरात दुसऱ्या कुणी तर नाही ना...”

“छे! माझ्या नाण्यांना कोण हात लावतंय? माझंच डोकं फिरलं होतं.”

पडदा सरकला. ती चटकन उठली.

“काय म्हणाले, बाबा?”

“काही नाही. छान चमकतात म्हणाले. चल, घरी जाऊ.”

“पिशवी द्या माझ्याकडे,” ती म्हणाली. पण मान काही वर करवेना.