विसाव्या दिवसाची खुरपणी

प्लास्टर काढायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीचा हात गळ्यात बांधलेला.

“जाऊबाई, माझा हरभरा तुम्हीच खुरपलात ना?”

“कोणी सांगितलं?”

“शेजारणीनं. आपलं तर वर्षभर बोलणंसुद्धा नव्हतं.”

“बोलणं नव्हतं, पण पेरून वीस दिवस झाले होते. तण तेव्हाच काढावं लागतं. तुझ्या हाताची वाट बघत बसले असते, तर जमिनीतली होती-नव्हती ती ओल तणानंच पिऊन टाकली असती.”

“आणि तुमचं रान?”

“माझं मागनं झालं. थोडा फटका बसला.”

“माझ्यापायी! आता हात सुटला की खुरपं घेऊन तुमच्याकडे येते.”

“आता घाटे धरलेत, खुरपं कशाला? नुसती बोलायला ये.”