ऐनाचा पाला

योगिता : मग दादाला फोनवर का सांगतोस, उगवली म्हणून? मी आत्ता झऱ्यावरून आले, बाबा. त्याच्या फुलांच्या वाफ्यात एक कोंब नाही.

सावळा : बारीक हायेत. तुला दिसली नसतील.

योगिता : वाकून बघितलं. मातीत बोट घातलं तर खाली राख लागली.

सावळा : तू मोखाड्यावरून दोन दिसांसाठी येतेस पोरी. कशाला बोटं घालत बसलीस?

योगिता : बाबा, तू तिथं राब भाजलास?

सावळा : भाजला. चैतात.

योगिता : फुलांच्या वाफ्यावर?

सावळा : वाफा म्हंजे वाफा. पाला अंथरला, वर शेण, गवत, माती, नि धीमा जाळ दिला. भाताला देतो, नागलीला देतो. भाजल्याबिगर बी टाकलं तर नुसतं तण माजतंय. मला वाटलं, विनोद कामाला हिमाचलात राहून आपली रीत इसरला. दिवाळीला येईल नि बी टाकील, तवर आपण वाफा करून ठेवू.

योगिता : बी आधीच झडलं होतं त्यात. तो जाताना तुला सांगून गेला होता.

सावळा : सांगत व्हता. मी बैलांना पाणी दाखवत व्हतो. माती घालू नको, खणू नको, बाबा तू काहीच करू नको, एवढं ऐकलं नि डोकंच फिरलं. चाळीस वरसं शेती केली, नि मला म्हणतो काहीच करू नको. पुढचं ऐकलंच नाय.

योगिता : पुढचंच तर कामाचं होतं. ते बी तंबाखूच्या भुकटीसारखं असतं. पहिल्या साली त्यानं वालासारखं पुरलं, एक उगवलं नाही. मागच्या साली ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, जांभळीच्या सावलीत ठेवलं, तेव्हा अकरा झाडं फुलली. तू बघितलीस ती?

सावळा : नाय.

योगिता : एकदाही नाही?

सावळा : रोज बोलवायचा. बाबा, चल, गुलाबी आलंय. बाबा, चल, आज जांभळं आलंय. मी म्हणायचो, फुलानं पोट भरतं का? वाफा भाजायला गेलो तवाच पहिल्यांदा झऱ्यावर थांबलो. वाळकी बोंडं व्हती. ती पण पाल्याखाली घातली.

योगिता : मग भाजायला तरी कशाला गेलास?

सावळा : तो गेल्यावर घर खायला उठलं. वाटलं, त्याच्या कामाला आपण कधी हात नाय लावला. आता लावू.

योगिता : पावसानंतर तिथं काही दिसलं नाही, तेव्हा कळलं असेल तुला.

सावळा : कळलं. तरी रोज दोन हंडे पाणी घालतो.

योगिता : बाबा, उद्या तो हिमाचलातल्या नर्सरीच्या मालकाला काय कळवणार आहे, माहीत आहे ना?

सावळा : कायमचा राहणार नाय, म्हणून कळवणार.

योगिता : का?

सावळा : फुलं उगवली, म्हणून. पुडीचं बी दर साली इकत आणून धंदा व्हत नाय, म्हणला. झाडानं इथंच बी धरलं, इथंच उगवलं, तर ती इथली झाली. मग रोपं करायची, शिरपामाळला फिरायला येतात त्यांना इकायची. नाय उगवली तर तिकडंच राहायचं. मालक खोली देतोय, पण सालभर थांबणार नाय.

योगिता : आणि तू सांगतोस, उगवली.

सावळा : येऊ दे की गं त्याला. एकदा घरी आला की सांगू.

योगिता : खोली सोडून येईल आणि तू त्याला राख दाखवशील?

सावळा : मी एकटा हाय, योगे. तुझी आई असती तर गोष्ट येगळी.

योगिता : मला कळतं. पण असा आणलेला माणूस राहतो का, तूच सांग.

(फोन वाजतो. योगिता तो मोठ्या आवाजावर लावते.)

विनोद : बाबा, जेवलास? किती पानं धरली? दोन का चार?

सावळा : विनोद, ऐक. पानं नाय. उगवलंच नाय काय.

विनोद : मागच्या रविवारी तर म्हणालास...

सावळा : खोटं बोललो. तू यावा म्हणून. चैतात मी तिथं राब भाजला, बी जळलं. झऱ्याच्या पाण्याचा दोष नाय नि मातीचा पण नाय. माझा हाय. तेवढं तुला ठाव असावं.

योगिता : दादा? आहेस ना?

विनोद : हाय. मग उद्या मालकाला हो म्हणायला लागंल.

सावळा : म्हण. खोली चांगली असली म्हंजे झालं.

विनोद : बाबा.

सावळा : बोल.

विनोद : पाला कशाचा घातलास?

सावळा : ऐनाचा.

विनोद : ऐनाचा तर तू भाताला राखतोस. मला कधी हात लावू दिला नाहीस.

सावळा : यंदा भाताला नाय ठेवला.