गेनबांच्या छपरावरून

आजपासून दूध आणि आकडा यांच्यामध्ये माणूस उरणार नाही, असं नूतनने डेअरीच्या मालकांना लेखी दिलं होतं आणि खाली तारीख घालून सही केली होती. त्याच तारखेला, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, भोरलगत उत्रोलीजवळच्या प्लँटमधल्या पडद्यावर बारापैकी अकरा ठिपके हिरवे होते, एक लाल होता, आणि नूतन एका माणसाला फोन लावत होती.

“हॅलो?… हॅलो, कोण, फुलाबाई मावशी का?… मी नूतन. डेअरीतली… अहो, भोरची. मागच्या आठवड्यात तुमच्या छपरावर पेटी बसवायला आले होते बघा… हो, तीच. शिडीवर घाबरलेली… हो, आता बरी आहे.

“मावशी, लाईट आहे का घरात?… पंखा फिरतोय?… मग त्या पेटीचा दिवा लागलाय का, जरा बघता?… बाहेर जाऊनच बघावं लागेल ना… हो, हो, थांबते.”

ती थांबली. वेल्ह्याच्या बाजूला डोंगरात जी वरची वाडी आहे, तिथे चिमाजीच्या दूध केंद्रावर मोबाईलला रेंज नव्हती. म्हणून तर पेट्यांची कल्पना निघाली. चिमाजीच्या टाकीवरच्या पेटीने दूध किती आणि किती गार, हा आकडा बिनतारी खिंडीतल्या गेनबांच्या, म्हणजे फुलाबाईंच्या नवऱ्याच्या, छपरावर धाडायचा, तिथल्या पेटीने तो पुढच्या गावाला, असं करत करत आकडा बारा छपरांवरून घाट उतरून भोरला यायचा; पडद्यावर प्रत्येक छपराचा एक ठिपका होता. प्रत्येकाने मागच्याचं ऐकायचं आणि पुढच्याला सांगायचं. ही रचना नूतनला इतकी साधी वाटली, की तिने नियमही तितकाच साधा लिहिला: आकडा भोरला पोचला की टाकीशेजारचा दिवा हिरवा होईल, मगच टँकरने पाइप लावायचा; दहापर्यंत नाही झाला तर दूध सोडून निघायचं. टँकर घेऊन मानसिंग वाडीवर कधीचाच पोचला असणार. टाकीत एकतीस घरांचं सहाशे लिटर दूध होतं.

“हां, बोला मावशी… बंद आहे? अजिबात?… पिन निघालीये. अशी कशी निघाली?… ‘काढलीया’… हं. म्हणजे निघाली नाही, काढलीये… मांजराने नाही… नाही हो, मी मांजराचं नाव नाही घेतलं, तुम्हीच घेतलंत.

“काका आहेत का जवळ?… द्या ना त्यांच्याकडे फोन… फोनवर बोलत नाहीत? कुणाशीच?… बरं, मग मी सांगते ते तुम्ही त्यांना सांगा. म्हणावं, त्या पेटीपायी तुमच्या घरचं काही जात नाही. लाईटचं डेअरी बघेल… ते नाही? मग?… कुणाचा?… हो, चिमाजींच्या टाकीचा आकडा… हो, तुमच्या छपरावरून… अहो, पाय देऊन नाही जात तो. हवेतून जातो… हो. हवा तुमचीच. मान्य.

“पण हे तुम्हाला सांगितलं कुणी?… मीच?… चहा पिताना. हं.”

नूतनला आठवलं. शिडीवरून सुखरूप उतरल्याच्या आनंदात, गवती चहाच्या दुसऱ्या कपाला, तिने दोन बशा आणि एक चमचा मांडून सगळी व्यवस्था समजावून सांगितली होती. चिमाजी म्हणजे चमचा होता.

“ऐका ना मावशी, ते पोस्टमनसारखं समजा. पोस्टमन पाकीट नेतो, आत काय लिहिलंय ते काही… हो, पाकीट बंद… नाही, तुम्हाला उघडून नाही बघता येणार… काकांनाही नाही… नाही, त्यांचं दूध नासलं तरी तुम्हाला कळणार नाही… हो, आता तुमच्या बाजूने बघितलं तर तसा फायदा काहीच नाही, पण…

“दुसऱ्या घरावर? कुठल्या?… तेच ना. खिंडीत घर एकच. म्हणून तर तुमच्याकडे आले.

“मावशी, भावकीत होतं असं. चिमाजी म्हणजे काकांचे चुलतभाऊच ना?… हो. मग काकांना म्हणावं, माणसांचं भांडण यंत्रावर कशाला काढायचं? तुम्ही मोठे आहात, म्हणावं, तुम्हीच जरा… मागून काय म्हणतायत काका?… कोणाला ओरडतायत?… ‘लाव म्हनतोय कवाधरनं’?… काका म्हणतायत लाव?… मग अडलंय कुठं?”

पलीकडून उत्तर आलं ते नूतनने दोनदा ऐकलं. मग तिने हातातलं पेन खाली ठेवलं. इतका वेळ ती भलत्याच माणसाची समजूत घालत होती.

“तुम्ही काढलीत, मावशी?… कधी?… सकाळी, शेण काढून आल्यावर. बरं… का ते विचारू का?… हं… भोंगवलीला, माहेरी… वडील तुमचे… किती वर्षं झाली?… एकोणीस. हो, तेव्हा तिकडे मोबाईल कुठले… अख्ख्या वाडीत फोन एकच, चिमाजींच्या घरी… सकाळी सकाळी आला… ‘म्हातारा गेला, फुलाला लावून द्या’… हं… आणि ते म्हणाले सांगतो… तुम्ही कुठं होतात मग?… त्यांच्याच खाचरात? भातलावणीला?… इर्जिक होती. एकमेकांच्या शेतात फुकट राबायचं, सगळी वाडी… म्हणजे ते बांधावर उभे, तुम्ही खाली चिखलात, आणि… अरे देवा… नाही, बोला तुम्ही… मग सांगितलं कधी?… लावणी उरकल्यावर. दिवस बुडताना… आणि माती?… दुपारीच झाली होती. हं.”

नूतनसमोर एक छापील कागद होता. पेटी बसवायला नाही म्हणणाऱ्या घरमालकाशी कसं बोलावं, याचे त्यावर पाच मुद्दे होते. मुद्देही तिनेच लिहिले होते. पाचवा मुद्दा ‘एकमेकां साहाय्य करण्याच्या परंपरेची आठवण करून द्यावी’ असा होता. तिने कागद उलटा ठेवला.

“आहे, मावशी, आहे मी… ऐकतेय… ‘त्यानं माजा सांगावा न्हाई दिला, म्या त्याचा का देऊ’… पेटीत? नाही, पेटीत तशी सोय नाही. कोण कुणाशी बोलत नाही हे तिला नाही कळत… हो, करायला हवी होती. आमचं चुकलंच.

“फक्त एक सांगते. आग्रह नाही हं. दहा वाजले की मानसिंग टँकर घेऊन निघेल. टाकी भरलेली राहील, संध्याकाळचं दूध ओतायला जागा नाही. वाडीने काय करायचं?… हो, मंगलचंही आहे त्यात… तुमची सून लागते का?… असं. मग तिचं तरी… नियम? नियम मी केला… हो, माणसानेच केलाय… मोडता येईल हो, पण मानसिंगला कळवणार कसं? तिथे रेंज नाही. तुमच्याकडूनच कुणाला तरी वर पाठवावं लागेल सांगावा घेऊन… ते म्हणजे तेच झालं. हो. कळलं मला.”

घड्याळात नऊ चोपन्न झाले होते. नूतनने नोकरीच्या सतरा वर्षांत पंप समजावले होते, मीटर समजावले होते, एकदा खुद्द मालकांना व्होल्टेज समजावलं होतं.

“बरं मावशी, तुमच्या जागी मी असते ना, तर… नाही. खोटं कशाला बोलू? मीही काढली असती… हो, वायरीसकट… नाही, राग कसला. ठेवते मग. काकांना नमस्कार सांगा… काय?… थांबू?… कुठं निघालात?… मावशी?… हॅलो?”

फोन चालू होता आणि पलीकडे कुणी नव्हतं. नूतन पडद्याकडे बघत राहिली. लाल ठिपका दोनदा लुकलुकला, पिवळा झाला आणि हिरवा झाला. ती खुर्चीवरून उठली. आनंद कुणाला सांगावा असं खोलीत कुणी नव्हतं, म्हणून परत बसली.

“मावशी! लागला! इथे हिरवा झाला… तुम्ही लावलीत… खरं सांगू मावशी, फार मोठं मन आहे तुमचं. एकोणीस वर्षांचं दुखणं असं बाजूला ठेवायचं म्हणजे… काय?… ‘कशाचं मन?’… अहो, मग आत्ताच कशी लावलीत?… काय नाही त्यात?… टाकीत?… टँकर गेला? कधी?… मी फोन करायच्या आधी? … भरून?

“तुम्हाला काय माहीत, भरून गेला ते?… हो, रिकामा खडखडतो. हो… पण तिथला दिवा लाल असणार ना! दिवा हिरवा झाल्याशिवाय… थांबला होता तुमच्या दारात? मानसिंग?… पाणी प्यायला. आणि काय म्हणाला?… ‘दिव्याबिव्याचं मला काय कळत न्हाई’… टाकीच्या काट्यावर बघितलं आणि भरलं. नेहमीसारखं. हं.

“मावशी, पाव तास मी त्या दुधासाठी तुमच्या… मग सांगितलं का नाहीत मला?… हो. मी विचारलं नाही. बरोबर आहे.

“म्हणजे आता त्यांचं न्यायचं असं काही उरलेलंच नाही, म्हणून लावलीत… हो, कळतंय… आणि संध्याकाळी?… टाकीत दूध पडलं की काढणार… सातला. बरं… नाही, मी काय म्हणणार… हो, आले तिकडे की येईन चहाला… नाही, शिडीवर नाही चढणार. ठेवते.”

नूतनने फोन ठेवला. बाराही ठिपके हिरवे होते. चिमाजीच्या टाकीचा पहिला आकडा गेनबांच्या छपरावरून, पुढच्या अकरा पेट्या ओलांडून, कुठेही न चुकता भोरला पोचला होता: दूध शून्य लिटर, तापमान बावीस अंश.