चढून दाखवा

(गॅरेज. रोजच्या वापरातली जुनी एसयूव्ही चार लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे.)

मुलगी : लोक म्हातारपणी चपला सपाट घेतात. आमच्याकडे म्हाताऱ्या गाडीला उंच टाचा.

बाबा : पुटपुटू नकोस. बोलायचंय तर मोठ्यानं बोल.

मुलगी : मोठ्यानंच बोलतेय. रोज सकाळी तुम्हाला हिच्यातून दवाखान्यात नेते, परत घरी सोडते, मग कामावर जाते. कधी अडलीय का? मग कशाला छेडायचं तिला?

बाबा : पोट घासतं तिचं.

मुलगी : कुठं? दवाखान्याच्या पार्किंगमध्ये?

मेकॅनिक : ताई, काळजी नको. स्प्रिंगा नव्या, शॉकअॅब्सॉर्बर नवे, ब्रेकचे पाइपही लांब घालतो. टायर मोठे म्हटले की गाडी तीन इंच वर घ्यावीच लागते, नाहीतर वळताना चाक मडगार्डला घासणार. एकच आहे, स्पीडचा काटा थोडं खोटं बोलेल. तो दाखवतो त्यापेक्षा गाडी जरा जोरात असेल.

बाबा : चालेल. आमच्या घरात सगळेच थोडं खोटं बोलतात.

मुलगी : बाबा!

बाबा : सकाळी काय म्हणालीस? आज चेहऱ्यावर तेज आहे म्हणे. आरसा आहे माझ्याकडे.

मेकॅनिक : खोलायच्या आधी माझा एक नियम असतो. झाल्यावर गाडी एवढीच उंच असेल, म्हणून ठोकळ्यांवर ठेवलीय. रोज बसणाऱ्या प्रत्येकानं चढून दाखवायचं. मागं एकाच्या सासूबाई वर चढल्या त्या उतरेचनात. सासूबाई जावयाला बोलतायत, जावई मला.

मुलगी : ही मी चढले. आता बाबा.

बाबा : माझं राहू दे.

मेकॅनिक : तुम्ही रोज बसता ना, काका?

मुलगी : रोज. पुढं, काच खाली करून. येताना मळमळतं त्यांना.

मेकॅनिक : मग या. वरचं हँडल धरा. आता पाय... थांबा. थांबा, धरलंय मी. या स्टुलावर टेका.

मुलगी : पाणी घ्या. हळू. झालं समाधान?

मेकॅनिक : खाली पायरी लावून देतो ना.

मुलगी : पायरीवरसुद्धा पाय उचलूनच ठेवावा लागतो. काही नको. ठोकळे काढा, गाडी आहे तशी द्या.

बाबा : काढू नका हो.

मुलगी : अहो, पण हट्ट कशासाठी?

बाबा : वरच्या खोऱ्यातला रस्ता म्हणजे नुसता दगड. तिथल्या गुरांच्या दवाखान्याला डॉक्टर हवाय.

मुलगी : मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय.

बाबा : सांगितलंस कुठं, सांगणार आहेस. सोमवारी. शिकत होतीस तेव्हा म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू काढलंस आणि तशीच घरी नाचत आलीस. आता शहरात कुत्र्यांची नखं कापतेस.

मुलगी : कुत्र्यांनाही नखं असतात. आणि ती जागा आत्ताची नाहीच, उन्हाळ्यात रुजू व्हायचंय.

बाबा : म्हणूनच आत्ता करतोय. मागाहून तू करायची नाहीस. तुझ्या आईच्या चष्म्याची काच अजून बदलायची आहे म्हणतेस, ती जाऊन किती वर्षं झाली.

मेकॅनिक : मी जरा बाहेर...

बाबा : थांबा हो. तुमचाच नियम आहे.

मेकॅनिक : ताई, दोन इंच करू का? टायर एक नंबर लहान घेऊ. काकांना चढायला जमेल.

मुलगी : हां. दोन करा. दोन बरोबर आहे.

बाबा : दोनमध्ये ती त्या दगडांवर टेकेल की नाही, खरं सांगा.

मेकॅनिक : टेकेल.

मुलगी : मग तुम्ही कसे चढणार? आधी ते सांगा मला. रोज सकाळी, मी एकटी, तुम्हाला कशी चढवू?

बाबा : नको चढवूस. औषध लागू पडत नाहीये, पोरी. डॉक्टरांना माहीत आहे, तुला माहीत आहे. उन्हाळ्याला मी नसेन.