बावीस की सतरा

‘तिला कधी कळू द्यायचं नाही, केंडल. पोर नवीन आहे घरात, जन्मभर मनाला लावून घेईल’ — हे मी ऐकायचं नव्हतं, ऑर्लो. मी शेडच्या दारात कॉफीचे दोन मग घेऊन उभी, आत माझे सासरे आयव्हर आणि माझा नवरा केंडल ट्रॅक्टरखाली, दोघांचे नुसते बूट बाहेर — आणि एवढी सगळी दया चालली होती ती माझ्यावर. मी काय केलं? दोन्ही मग बाकावर ठेवले आणि आल्या पावली परत. माझं हे असंच. नाही, नाही, बंदुकीची पेटी उघडू नका अजून. ते दोघं तुमच्या दुकानाच्या मागच्या अंगाला आहेत, गुरांच्या मिठाच्या लाद्या बघताहेत, आणि आयव्हर एकेक लादी उचलून ठोकून बघणार, म्हणजे दहा मिनिटं तरी कुठं गेली नाहीत. तुम्हाला त्यांचा फोन आला असेलच — सुनेची सतरा कॅलिबरची रायफल ठेवून घ्या आणि तिला एखादी साधी बावीस द्या — हो ना? वाटलंच मला. ‘गरीब बंदूक, बाईमाणसाला झेपेल अशी.’ असंच म्हणाले ना? राहू दे, तुमच्या तोंडावर दिसतंय.

मला झेपत नाही असं नाही हो. लग्नात लोक भांडी देतात, माझ्या बाबांनी ही दिली — कागदात गुंडाळून, वर पांढरी फीत लावून, आणि अर्दिस, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना वाटलं दिव्याचा खांब आहे. बाबा वसंतात लोकांच्या गवताळ रानांत गोफर, ते बिळं पाडणारे उंदरासारखे प्राणी, मारायला जायचे, मी पाण्याची बाटली आणि दुर्बीण घेऊन मागं. कुठली बंदूक कशाला, हे त्यांचं अर्धं बोलणं — आई म्हणायची, हा माणूस देवळात गेला तरी पाद्र्याला विचारेल तुमची नळी किती इंचांची. बावीस स्वस्त, पाचशेची पेटी घ्यावी आणि दिवसभर उडवावी, पण साठ-सत्तर यार्डांपलीकडं तिचा भरवसा नाही, आणि गोळी म्हणजे मऊ शिसं, सावकाश जाणारं — दगडाला लागली की फुटत नाही, उडते. मॅग्नम बावीस जरा बरी. दोनशे तेवीसची बंदूक तीनशे यार्डांवरचा गोफर उचलते, पण गोठ्याजवळ वाजवली तर गाई कुंपण तोडून शेजारच्या काउंटीत. आणि सतरा — एवढीशी, गव्हाच्या दाण्याएवढी गोळी, वारा आला की कागदासारखी सरकते — आणि आमच्याकडं वारा कधी नसतो? — पण जिथं लागते तिथंच तिचा चुरा होतो. दगडावर लागली तरी चुरा. म्हणून बाबांनी ती निवडली. ‘नव्या घरी चाललीस, माणसं, गुरं कुठं उभी असतात ते तुला ठाऊक नाही अजून,’ म्हणाले. सांगते कुणाला मी हे — तुम्ही चाळीस वर्षं विकताय.

हो, मारावे लागतातच. तुम्ही पाहिलंय आमचं खालचं कुरण, पावलागणिक बीळ. मागच्या वर्षी वासरू गेलं पाय मोडून, गवत कापायच्या यंत्राची पाती तर दर आठवड्याला. त्यामुळं एप्रिल लागला की रविवारी जेवणं उरकून सगळे कुरणात — हे त्यांच्या घरचं पूर्वीपासून. पिकअपचं मागचं फळकूट पाडायचं, त्यावर आयव्हर मांडी घालून, शेजारी थर्मास, आणि कानातलं ऐकायचं यंत्र काढून शर्टाच्या खिशात — बंदुकीच्या बाराचा आवाज यंत्रातून फार मोठा येतो म्हणून. आता बघा, बावीसची गोळी दगडावरून उडाली की एक आवाज येतो, डास कानाशी आल्यासारखा, लांबत जाणारा — तो त्यांनी गेल्या वीस वर्षांत ऐकलेलाच नाही. त्यामुळं त्यांच्या लेखी तो नाहीच. त्यांचं ठाम आहे, बावीस शंभर यार्डांवर थकते आणि गवतात पडते. बिचारी.

त्या रविवारी मी त्यांच्या डावीकडं होते. केंडल फाटक लावायला गेलेला. दगडांचा ढीग आहे ना, पाटाच्या कडेला, तिथं एक गोफर उभा राहिला, आयव्हरनी आपल्या बावीसनं नेम धरला, बार झाला — आणि तो आवाज आला. लांबत गेलेला. माझा तर नेम दुसरीकडंच, डाव्या बांधावर. आणि पाटापलीकडं, अडीचशे यार्डांवर, मेबलनं मान झटकली आणि ती गोल फिरायला लागली. नुसती गोल गोल.

मेबल आयव्हरची घोडी, तुम्हाला माहीत आहे. अठरा वर्षांची. ते धावले — त्या वयाचा माणूस कुरणात धावतो तेव्हा बघवत नाही, ऑर्लो. बीळ चुकवत चुकवत. मग केंडल आला, त्यानं आधी घोडीकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या बंदुकीकडं. एकदाच. आणि लगेच मला जवळ घेतलं, ‘होतं असं’ म्हणाला. मला कळलंच नाही कशाबद्दल म्हणतोय. मला वाटलं, घोडीबद्दल. दोन दिवसांनी शेडच्या दारात कळलं. त्यांचा हिशेब बरोबरच आहे त्यांच्या बाजूनं — अडीचशे यार्ड कुठली बंदूक जाते? वेगवान. वेगवान कुणाची? सुनेची.

डोळा काढावा लागला. जनावरांच्या डॉक्टर पेटिट आल्या होत्या, मी मेबलचं डोकं धरून होते, पुरुष दोघंही बाहेर कुंपणाला टेकून जमिनीकडं बघत. डॉक्टरीणबाईंनी ही गोळी काढली, धुतली, माझ्या तळहातावर ठेवली आणि हात पुसत बसल्या. त्यांना कळलं असणार. बघा ना. तुमचा तो बार भरताना दारू मोजायचा काटा आहे ना, त्यावर ठेवा जरा. मला आकडा ठाऊक नाही, पण — किती? छत्तीस ग्रेन. छत्तीस. माझी अख्खी गोळी सतरा ग्रेनची, आणि ती तर आत गेल्यावर धूळ झाली असती. चपटी झालेली, वाकलेली, पण एकसंध — बावीसचं शिसं. मला खात्री होतीच. तरी कुणीतरी वजन करावं असं वाटत होतं.

मग बोलले का नाही? हं. हे तुम्ही विचारू नये असं वाटत होतं आणि विचारावं असंही. सांगू? त्या दिवसापासून त्या घरात माझं बरं चाललंय. पाच महिने अर्दिस मला पाहुणीसारखं वागवत होत्या — भांडी नको धुऊ, बस तू, नॅपकिन तिथं नसतात. आणि घोडीचं झाल्यावर त्यांनी रुबार्बची गोड पाई भाजली आणि पहिला तुकडा मला, कडेचा, जो आयव्हरचा असतो. आयव्हरनीच ताटली माझ्याकडं सरकवली. सकाळी मला म्हणतात, ‘चल पोरी, वासरं मोजायची आहेत’ — आधी मला नावानंही हाक मारत नव्हते, नुसतं खाकरायचे. केंडल रात्री माझे हात हातात घेऊन झोपतो, जणू त्या हातांनी काही तोडलंय. सगळे मला माफ करताहेत, ऑर्लो. न केलेल्या गोष्टीची माफी, आणि ती इतकी मऊ असते की — मी घेतली. दोन आठवडे घेतली. पाई खाल्ली. वासरं मोजली. मनात म्हटलं, घोडीला काय, तिला कुणी मारलं त्यानं फरक पडत नाही. म्हाताऱ्याला कळलं तर तो मात्र मोडेल, रोज पहाटे तिच्या त्या बाजूला उभा राहून तिला चारतो, ती दचकू नये म्हणून बोलत राहतो. माझ्या अंगावर राहिलं तर राहू दे. चांगुलपणा वाटत होता तो मला. चांगुलपणा कसला, आळस होता. आणि थोडी हाव.

एक मनाला लागतं मात्र. केंडलचं. त्यानं विचारायला हवं होतं. ‘तुझा नेम कुठं होता?’ — एवढंच. मी त्याच्यासमोर टिनचे डबे पाडलेत, त्याला माहीत आहे मी बघितल्याशिवाय बार काढत नाही. त्यानं विचारलं नाही, सांभाळून घेतलं. बाकी कुणी सांभाळून घेतलं तर चालतं.

हो हो, सांगते, उद्याचंच सांगायला थांबलेय. बंदूक बदलून द्या, मी गप्प घरी जाते, असंही झालं असतं — खरं तर सकाळपर्यंत तेच ठरवलं होतं, थकलेय मी या सगळ्याला. पण उद्या केंडलची बहीण येतेय, तिच्या जुळ्या मुली, नऊ वर्षांच्या. आयव्हरनी काल रात्री दोन जुन्या बावीस काढल्या, तेल लावलं, एकेकीच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दोन आठवड्यांत पाहिला नव्हता. ‘आणि तुलाही तिसरी आणू उद्या, म्हणजे चौघं मिळून त्या दगडांच्या ढिगापाशी बसू, गरीब बंदुका, कुणाला काही व्हायचं नाही.’ ढिगापाशी. त्याच. आणि त्याच्या रेषेत पाटापलीकडं मेबल उभी होती, आणि मेबलच्या मागं काय आहे? अर्दिसचा भाजीचा वाफा. उद्या दुपारी त्या तिथं गुडघे टेकून वाटाणा लावणार आहेत, निळा रुमाल बांधून. चार बावीस, दगडाचा ढीग, आणि तो आवाज ऐकू न येणारा माणूस मुलींना शिकवायला. मी अर्धी रात्र छताकडं बघत होते. माझ्या गप्प बसण्याचं तोंड आता त्या वाफ्याकडं आहे.

बघा, आलेच. केंडलच्या खांद्यावर लादी, आणि आयव्हर त्याला सांगताहेत की मागच्या वर्षीची चांगली होती. हसताहेत. ‘काय पोरी, पसंत पडली का एखादी?’ — ऐकलंत? पोरी. नाही ऑर्लो, तुम्ही आत जाऊ नका, काट्यापाशीच उभे राहा. मला त्यांच्या तोंडाकडं बघवणार नाही, पण बघते.

आयव्हर, यंत्र घातलंय ना कानात? बरं. मेबलच्या डोळ्यात गेलेली गोळी बावीसची होती, दगडावरून उडालेली. तुमची. मी ती उडालेली ऐकली आणि तुम्हाला सांगितलं नाही, ते माझं चुकलं. केंडल, तू मध्ये बोलू नकोस. उद्या त्या ढिगापाशी कुणीही बसायचं नाही — मुली नाहीत, मी नाही, आणि तुम्हीसुद्धा नाही.