दहापैकी नऊ

हसू नका, पण आमच्या धारवाडच्या फिल्म कोर्सला सरांनी आपापल्या पटकथेला आणि स्टोरीबोर्डला स्वतःच मार्क द्यायला लावले होते. माझी कथा अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेवटच्या दिवसाची. मी बेधडक दहापैकी नऊ दिले आणि सगळी चित्रं आईपुढं मांडली.

दुर्गदबैल बाजारातलं आमचं कापडाचं दुकान बघून ती खुश झाली. हॉस्पिटलच्या चित्रावर मात्र थांबली. त्यात मी अप्पांचा हात धरून बसलो होतो.

"तू कुठं होतास रे तेव्हा?"

"शूटिंगला," मी म्हणालो. "फोन बंद ठेवला होता."

"ते नर्सलासुद्धा कानडीत विचारत होते, माझा मुलगा आला का म्हणून."

मी नऊचा आकडा खोडला आणि ते चित्र फाडायला घेतलं. आईनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "मीही त्यांना खोटंच सांगितलं. म्हटलं, आलाय, बाहेर डॉक्टरांशी बोलतोय. तेवढं ऐकून डोळे मिटले त्यांनी."